कान वाचणाऱ्या नंदाताई

नंदाताई मेश्राम कुत्र्याच्या तोंडाकडे आधी बघत नसत. आधी कान. सिडनीत, पेंडल हिल रेल्वे स्टेशनजवळच्या भारतीय किराणा दुकानाबाहेर दीड-दीड मीटरवर चिकटवलेल्या पट्ट्यांवर आम्ही मास्क लावून उभे होतो. माझ्या पुढच्या बाई अचानक रांग सोडून खाली बसल्या आणि खांबाला बांधलेल्या एका हडकुळ्या, लांबट कुत्र्याचा कान उलटा करून आत बघू लागल्या. रांग पुढे सरकली. मला घरून मेथीची ऑर्डर होती आणि मेथी संपत चालली होती.

"अरे बापा, लय दुरून आलास रे तू," बाई कुत्र्याला म्हणाल्या. मराठीत!

"काय आहे एवढं आत?" मी न राहवून विचारलं.

"ये, वाच ना. काहून, भीती वाटते?"

कानाच्या आत हिरव्या शाईत अक्षरं गोंदलेली होती. शर्यतीत पळणाऱ्या प्रत्येक ग्रेहाउंड कुत्र्याला अशी असतात, हे मला तेव्हा कळलं. मेथी मिळाली नाही. घरी मीनलने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं तेव्हा मी कुत्र्याच्या कानाचं कारण सांगितलं. लग्नाच्या अठरा वर्षांत इतकं खरं कारण मी कधी दिलं नव्हतं आणि तिचा इतका अविश्वासही कधी पाहिला नव्हता.

नंदाताई आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहत, हेही त्याच दिवशी कळलं. मूळच्या नागपूरच्या, साठी ओलांडलेल्या, एकट्या. जनावरांच्या दवाखान्यात नर्स म्हणून वीस वर्षं काढलेल्या. भेटल्यावर खणखणीत "जय भीम!", आणि लगेच एखादा प्रश्न. "तुमच्याकडे एवढे लोक मीटिंगमधी काय बोलतात रे दिवसभर?" असं त्यांनी मला एकदा खरोखरच्या कुतूहलानं विचारलं. "पुढच्या मीटिंगबद्दल," मी म्हणालो.

त्यांच्या घरी शर्यतीतून बाद झालेल्या दोन कुत्र्या होत्या. निवांत आणि सुस्ती. नावांमागे नियम होता. कुत्रा घरात येऊन पाठीवर, चारी पाय वर करून झोपत नाही तोवर त्याला नाव द्यायचं नाही. "पोट उघडं टाकून झोपणं म्हणजे त्याचा भरवसा बसला. त्याच्या आधी नाव देणारे आपण कोण?" सुस्तीला नाव मिळायला सात महिने लागले होते. तोपर्यंत तिला नुसतं "बाई" म्हणत.

कान बघण्याची सवय कुठून आली, ते मी एकदा फिरताना विचारलं. नंदाताईंनी सुस्तीचा पट्टा हातावर गुंडाळून घेतला. मग म्हणाल्या, "दवाखान्यात शेवटचं इंजेक्शन द्यायच्या आधी कानातला नंबर मोठ्यानं वाचायचा असे. ते काम माझं. धडधाकट कुत्रे रे, नुसता पाय मोडलेला. ट्रेनर काही राक्षस नव्हते. एक म्हातारा तर स्वतः शिजवलेलं मटण डब्यात घेऊन यायचा त्याच्या कुत्र्यासाठी. पण विचारायचा एकच, कधी पळेल? नाही पळाला तर काय, हे कोणी विचारत नव्हतं. मग मीच ते काम सोडलं. आता चालत्याफिरत्या कुत्र्याचे कान वाचते. बरं वाटते."

मी मान हलवली. फार गंभीरपणे हलवली, कारण माझ्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये ते ॲप होतं.

हे आता सांगायलाच हवं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये सगळे सामने बंद पडले आणि माझ्यासारख्या माणसाला, ज्याने आयुष्यात सोफ्यावरूनच क्रिकेट खेळलं, करायला काही उरलं नाही. कुत्र्यांच्या शर्यती मात्र चालूच होत्या. प्रेक्षक नाहीत, नुसती कुत्री आणि आमचे फोन. मीटिंग म्यूट करून मी त्या ॲपवर कुत्र्यांवर दोन-दोन डॉलरची बाजी लावायचो. कुत्र्यांचा अभ्यास शून्य. आठ नंबरच्या कुत्र्याचं जॅकेट गुलाबी असतं आणि गुलाबी मीनलचा आवडता रंग, एवढंच माझं शास्त्र. सामने परत सुरू झाले तरी सवय सुटली नाही. मीनलला अर्थातच यातलं काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये नंदाताईंकडे तिसरी कुत्री आली, तात्पुरती म्हणून. मागच्या पायाला प्लास्टर. फिकट पिवळी, थरथरणारी. तिने आयुष्यात पायऱ्या पाहिल्या नव्हत्या, काचेचं दार पाहिलं नव्हतं. आमची लेक ईरा कुंपणावरून म्हणाली, "बाबा, शी लुक्स सो सॅड."

"शर्यतीतलं नाव ऐक हिचं," नंदाताई हसत कागद वाचू लागल्या. "कस्टर्ड एक्स्प्रेस!"

मी हसलो नाही. घरी येऊन बाथरूमचं दार लावलं आणि ॲपमधली माझ्या जुन्या बाज्यांची यादी उघडली. होती. मागच्याच महिन्यातली शर्यत, आठ नंबर, गुलाबी जॅकेट, दोन डॉलर. त्या दिवशी तर मी रंगाच्या जोडीला कस्टर्डवरही भाळलो होतो. पहिल्याच वळणावर चार कुत्री एकमेकांवर आदळली होती आणि गुलाबी जॅकेट मागेच राहिलं होतं. तेव्हा मी सोफ्यावरून ओरडलो होतो, "पळ ना! झोपलीस काय?" मग फोन पालथा ठेवून चहा केला होता. आलं घालून.

ॲप मी तिथेच काढून टाकलं. पण त्याने प्लास्टर थोडंच निघत होतं.

महिन्याभराने नंदाताईंच्या घरमालकाचं पत्र आलं: दोनच कुत्री ठेवायची, तिसरी आठवड्यात हलवा. सगळीकडे फोन झाले. कुणाकडे जागा नव्हती. "मग हिच्या शर्यतवाल्या मालकाकडे परत," त्या कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या. "पुढं काय होते, ते मी विचारते. सांगत कोणी नाही." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात प्रश्न नव्हता.

मी म्हणालो, "नंदाताई, मी हिच्यावर पैसे लावले होते. पडली त्याच दिवशी."

मला वाटलं, आता ओळख संपली. त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता माझाही कान तपासणार.

"किती?"

"दोन डॉलर."

"मग थोडी तुझी आहेच की ती," नंदाताई म्हणाल्या. "बाकीची पण घेऊन जा."

मीनलला सगळं सांगावं लागलं, मेथीच्या दिवसापासून. ती गॅस बंद करून माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "माझा आवडता रंग गुलाबी नाहीये, सुहास. कधीच नव्हता." आणि उठून जुनी गोधडी काढून आणली.

ऑस्ट्रेलियाच्या सीमा उघडल्या तशा नंदाताई नागपूरला गेल्या. दोन वर्षं आईला फक्त फोनवर पाहत होत्या. "आई आता फोनवर पंख्याकडे बघून माझ्याशी बोलते. आता जवळ बसायला पाहिजे," म्हणाल्या. परतीचं तिकीट काढलं नव्हतं. निवांत आणि सुस्ती दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडे गेल्या. निघताना नंदाताईंनी आमच्या बिननावाच्या कुत्रीचा, म्हणजे आता आमच्या 'बाई'चा, कान उलटा केला आणि सगळी अक्षरं सावकाश, मोठ्यानं वाचली. "झोपली की कळव," मला म्हणाल्या.

पाच महिने गेले. मी रोज बघायचो. मीटिंगमध्ये असतानाही एक डोळा जमिनीवर. बाई झोपायची ती चारी पाय पोटाशी घेऊन, कान उभे ठेवून, जणू आत्ता कुणीतरी दार उघडणार आहे.

एका रविवारी दुपारी ईरा दबक्या आवाजात ओरडली, "बाबा, लुक!"

सोफ्यावर, माझ्या जागेवर, बाई उताणी पडली होती. पाय छताकडे, जीभ एका बाजूला, मान लोंबती. मोडून जुळलेला पाय जरा वाकडा, तोही वरच. मी नागपूरला व्हिडिओ लावला. नंदाताई आईच्या खाटेशी बसलेल्या दिसल्या. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "नाव तू दे. तुझ्या घरी झोपली ती."

तेवढ्यात बाईचे पाय स्वप्नात हलायला लागले, भराभर, पळत असल्यासारखे. याच सोफ्यावरून मी तिच्यावर ओरडलो होतो. मी तिच्या छातीवर हात ठेवला.

"झोप," मी म्हणालो. "झोप गं."