डेझी आयर्लंडला गेली नाही

डेझी माझ्या पोस्टवर आली ती डिसेंबरात. मी तेव्हा नायब सुभेदार होतो, उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टचा कमांडर. डेझी पिवळी लॅब्रॅडॉर, तीन वर्षांची, सर्च डॉग. तिचा हँडलर नाईक सुदाम दरेकर आमच्या कंपनीशी अटॅच होता. मी खडकीचा, तो खराडीचा. बाकीच्यांशी हिंदी, आम्हा दोघांत मराठी.

पोस्टवरचा दिवस ठरलेला असायचा. पहाटे हत्यारं घेऊन मोर्चावर स्टँड-टू, चहा, बर्फ उपसणं, पेट्रोल म्हणजे गस्त, जेवण, रेडिओ चेक. सुदाम आधी डेझीचे पंजे तपासायचा, बोटांमधला बर्फ काढायचा, मग स्वतः चहा घ्यायचा. जेवणाआधी तिचं ट्रेनिंग. 'बोल' म्हटलं की तिने एकदाच भुंकायचं आणि पुढच्या हुकमाची वाट बघायची. दोनदा भुंकली की सुदाम म्हणायचा, "डेझीबाई, भाषण नको."

फेब्रुवारीत एका दुपारी आमची पेट्रोल परतत होती. सुदाम आणि डेझी सर्वांत पुढे. अचानक वरच्या उतारावरचा बर्फ सुटला. सगळं थांबलं तेव्हा पुढे कोणीच नव्हतं. मी रेडिओ घेतला.

"ॲव्हलाँच. ओव्हर."

"कितने आदमी? ओव्हर."

"एक. और डॉग. ओव्हर."

आम्ही सात जण लांब सळ्या बर्फात खुपसत पुढे सरकलो. बर्फाखालून सहसा आवाज वर येत नाही. पण ते दोघे फार खोल नव्हते, एका खडकाच्या आडोशाला पोकळी राहिली होती. तिथून भुंकणं ऐकू आलं. एकदा. मग शांतता. परत एकदा. आवाजाच्या दिशेने आम्ही खणायला घेतलं. मधेच ते एकेक भुंकणं थांबलं आणि डेझी सलग रडू लागली. आम्ही पोचलो तेव्हा ती जिवंत होती. सुदाम नव्हता.

त्याला त्रास झाला नाही, असं घरी कळवण्यात आलं. मी अंत्यसंस्कारांना खराडीत होतो. तेव्हाही कोणी काही विचारलं नाही.

डेझी पुन्हा कामावर लागली नाही. केनेलचं दार लावलं की ती अन्न सोडायची. तिला लवकर रिटायर केलं आणि दरेकरांच्या घरच्यांनी अर्ज करून तिला घरी आणलं. पुढे मीही सुभेदार म्हणून रिटायर होऊन खडकीला परतलो. महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर मारायचो. आयटी पार्कच्या मागच्या बाजूला त्यांचं घर, पुढे मोठा ओटा. डेझी ओट्यावर असायची. आत आली तरी दाराकडे तोंड करून बसायची.

यंदा सुदामच्या पत्नीचा, वैशालीचा फोन आला. ती नर्स आहे. तिला आयर्लंडमधल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती. मुलगी बरोबर जाणार होती, आणि डेझीसुद्धा.

"साहेब, तिला पेटीत बसायची सवय लावायचीय. तुमचं ऐकते ती."

कुत्रं परदेशी न्यायला किती खर्च येतो, हे मला त्या दिवशी कळलं. लस, रक्ताची तपासणी, मग तीन महिने थांबणं, परवाने, मापाची पेटी, विमानाच्या पोटातली जागा. एजन्सीचा आकडा चार लाखांच्या वर होता. वैशाली कर्ज काढायला निघाली होती. सुदामच्या आईने तिला गप्प केलं.

"जमीन इकून आलेत पैसे. ते कशाला हायेत मग? पोरीचा जीव हाय तिच्यावर."

पेटी आली. आठवडाभर दार उघडं ठेवून डेझीला आतच जेवण दिलं. ती जायची, खायची, बाहेर यायची. शेपूटही हलवायची. वैशालीला वाटलं, जमलं. मलाही वाटलं. गुंगीचं औषध विमान कंपनीला चालत नव्हतं, त्यामुळे बंद दाराची सवय हवीच होती. रविवारी सकाळी मी गेलो. मुलगी क्लासला होती. डेझी आत गेली. मी दार लावून कडी घातली.

ती जागेवर उभी राहिली. ओरबाडलं नाही, धडका दिल्या नाहीत. एकदा भुंकली. मग गप्प. पुन्हा एकदा भुंकली.

मी ओट्यावर खाली बसलो.

"साहेब, काय होतंय?" वैशाली म्हणाली.

सुदामच्या आई पेटीकडे बघत होत्या. "ही भुकती न् मधी थांबती कशाला?"

"हुकमाची वाट बघते," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

मग मी सांगितलं. खणताना आम्ही काय ऐकलं ते. तोवर डेझी आपणहून कधी तशी भुंकली नव्हती. खाली कोणीतरी तिला 'बोल' म्हणत होतं. बर्फाखाली हवा मोजकी असते. अडकलात तर ओरडू नका, हवा जपा, हे नव्या पोरांना सुदामच शिकवायचा. ती हवा त्याने हुकूम देण्यात घातली. डेझी सलग रडायला लागली तेव्हा तो गेला, हे मला वरच कळलं होतं. माझे हात मात्र खणत राहिले.

कोणी रडलं नाही. पेटीतून आणखी एकदा आवाज आला. सुदामच्या आई उठल्या आणि त्यांनी कडी काढली. डेझी बाहेर आली, ओट्याच्या कडेला गेली आणि उलटी केली.

"वैशाली, तू जा," त्या म्हणाल्या. "पोरीला ने. ही ऱ्हाईल माझ्यापाशी."

"आई, तिला सोडून पोरगी यायची नाही."

"तिला मी सांगते. बापाचं समदं सांगते. मोठी झाली ती."

काय सांगितलं ते मी विचारलं नाही. वैशाली आणि मुलगी जूनमध्ये गेल्या. विमानतळावर मुलीने मला सॅल्यूट केला. तिला तो नीट येत नव्हता. मी उलट सॅल्यूट दिला.

आता रविवारी मी खराडीला जातो. सुदामच्या आई चहा करतात. मुलाबद्दल त्या दर वेळी एक गोष्ट विचारतात, एकच. काय खायचा. कुठे झोपायचा. हसायचा का. मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, तो सापडला तेव्हा कसा होता.

मी सांगितलं. नाईक सुदाम दरेकर, वय चौतीस, कुशीवर होता. स्वतःचा कोट त्याने डेझीवर ओढला होता. हातमोजा काढून टाकलेला होता आणि उघडा हात तिच्या गळ्याच्या पट्ट्यात अडकवला होता. ती बोटं आम्हाला एकेक करून सोडवावी लागली.