शेक मोजणारी सबा

आमच्या मशीनच्या खोलीबाहेर एक बाकडं आहे. त्यावर नुसतं बसून राहिलं तरी दिवसाला एक किस्सा पदरात पडतो. मी जालन्याच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात ट्रॉली ढकलतो. शाळा चौथीपर्यंत. पण फिजिसिस्ट म्हणजे कोण, हे मला आमच्या चेअरमनसाहेबांच्या आधी कळलं. शेक, म्हणजे रेडिएशन, किती द्यायचा ते डॉक्टर सांगतात; मशीन तेवढाच देतंय का, हे फिजिसिस्ट मोजतो. जास्त झाला तर माणूस भाजतो, कमी पडला तर गाठ वाढते.

*

फिजिसिस्टची जागा निघाली तेव्हा साहेबांनी केदारखेड्याहून आपला साडू आणला. "कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बल्ब, करंट, सगळं येतं!"

डॉक्टर म्हणाले, "साहेब, याला वेगळं शिक्षण लागतं. वर वर्षभर ट्रेनिंग, मग परीक्षा."

"एवढं? मी इलेक्शनला उभा राह्यलो, तेव्हा मला कुणी काही विचारलं न्हाई!"

*

शेवटी सगळे कागद बरोबर असलेले एक सर मिळाले. राहायचे पुण्याला, यायचे गुरुवारी. एरवी खुर्चीवर त्यांचा कोट असायचा.

एकदा तपासणीला अधिकारी आले. क्लार्क म्हणाला, "कोट आहे, म्हणजे सर इथंच कुठंतरी असतील."

"बरं. मग कोटालाच विचारतो, आज मशीन तपासलं का!"

*

याच सरांच्या हाताखाली शहागडच्या ट्रक मेस्त्रीची पोरगी, सबा, वर्षभराच्या ट्रेनिंगला आली. शेवटी हॉस्पिटलचं लेटर मिळालं तरच परीक्षा, न्हाईतर वर्ष वाया. पुस्तकं उघडून ती एकटीच शिकायची.

सर तिच्या ट्रेनिंगच्या वहीत महिन्याच्या सह्या एका दमात ठोकायचे. एकदाच थांबले. छापील नमुन्याप्रमाणे तिने लिहिलं होतं, ‘आज सरांनी समोर उभं राहून शिकवलं.’

सर घाबरले. "बेटा, असं खोटं लिहायचं नाही!"

*

शेक मोजायला पाण्याची टाकी लागते. बादल्या मी आणायचो.

साहेब चिडले. "गावात नळाला पाणी न्हाई, अन् तुम्ही पाण्याला शेक देऊन राह्यले?"

सबा म्हणाली, "पेशंटच्या आधी पाण्याला देऊन बघतो, साहेब."

"आधी पेशंटला द्या. पाणी कुठं पळून चाललंय!"

*

मग तो मंगळवार. सकाळच्या मोजणीत शेक जास्त निघाला. सबाने मशीन बंद ठेवलं. बाहेर रांग, पहिली वाटूरची एक आजी.

साहेब आले. "थोडंसं जास्त झालं तर काय बिघडतं?"

"माणूस बिघडतो, साहेब."

साहेबांनी फाइलीतून तिचं लेटर काढलं, तिच्यासमोर सही केली, शिक्का मारला. "घे. वर्ष पूर्ण. आता जल्दी चालू कर."

सबाने लेटर सावकाश मोठ्याने वाचलं. ‘यांनी प्रशिक्षण पूर्ण केले असून, मशीन सुरक्षित आहे की नाही हे ठरवण्यास त्या सक्षम आहेत.’

"सही तुमचीच ना, साहेब?"

"मंग कुणाची?"

"मंग ठरलं." तिने लेटर पर्समध्ये ठेवलं आणि मशीनची चावी काढली. "आज बंद!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटूरच्या आजीला चहा विचारायला गेलो.