आर्डिथबाईंनी घेतली नवऱ्याची मुलाखत

आमच्या स्लेट रनच्या खोऱ्यात आर्डिथबाई केसिंजरनी पाढ्यांवरून उभं केलं नाही असा गडी सापडणं कठीण. बाई आमच्या जिल्ह्याच्या शिक्षक संघटनेच्या अध्यक्ष. एका वसंतात शाळा मंडळाची निवडणूक लागली आणि बाईंच्याच नवऱ्यानं, व्हर्लिननं, उमेदवारी ठोकली. त्याचं म्हणणं एकच : स्लेट रनची शाळा लहान, ती बंद करा, पोरं बसनं शहरात धाडा. बाई शिकवायच्या ती शाळा तीच.

संघटनेची रीत अशी, की पाठिंबा देण्याआधी हरेक उमेदवाराला समोर बसवून विचारायचं, मग हात वर करायचे. नवऱ्याला सूट नाही. व्हर्लिन इस्त्रीचा सदरा घालून आला नि पहिलीच्या पोरांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसला.

"नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"अगं, येडी का खुळी? तीस वर्सं झाली—"

"दोन मिनिटं असतात. अर्धं गेलं."

"व्हर्लिन केसिंजर. तुझा दादला."

"तेवढा मजकूर नको. शाळा बंद करणार?"

"करणार. तुला ठावं हाय की!"

"समितीला ठावं नाही. मोठ्यानं बोला."

मास्तरणींच्या तोंडात केक, हसू कुठं ठेवावं कळंना. हात वर झाले ते शाळा चालू ठेवा म्हणणाऱ्या दुसऱ्या उमेदवार विल्डा नर्सबाईसाठी. सगळ्यात उंच हात आर्डिथबाईंचा.

प्रचाराला वरचं खोरं बाईंच्या वाट्याला आलं. तिथला चिखल असा, की चढणार ती फक्त व्हर्लिनची गाडी.

"माझ्याच इरोधात मतं मागायला म्या तुला न्यायचं?"

"न्या. न्हाईतर चालत जाईन, नि का चालत आले ते दारोदार सांगंन."

गाडी काढली गड्यानं. दारोदार बाईंचं एकच : "मत विल्डाला द्या. गाडीत बसलेत त्यांना नको." व्हर्लिन दार उघडून बोलायला उतरू लागला, की बाई डोळे वटारायच्या, "बसा आत! दौरा संघटनेचा हाय."

म्हातारी ऑर्फा ओसरीवरनं ओरडली, "व्हर्लिन, शाळा नसती तर तुला पाढं कुठनं आलं असतं रं?"

"सहाचा अजून येत न्हाई, मावशे!"

"मग तुझ्यापायी तरी चालू ठेवली पायजे!"

बाई हसून हसून खांबाला टेकल्या. लोकांनी मात्र दया येऊन व्हर्लिनला इतकं खाऊ घातलं, की परतताना त्यानं पट्टा सैल केला.

विल्डा निवडून आली. एका उमेदवारानं मधेच माघार घेतली होती, नाव तेवढं मतपत्रिकेवर राहिलेलं; मतांत त्याच्याही खाली व्हर्लिन! शाळा वाचली. संघटनेच्या हॉलात फिडल, आमचं गावठी व्हायोलिन, वाजायला लागलं, मास्तरणी बूट काढून नाचायला लागल्या. दारात व्हर्लिन टोपी चुरगाळत उभा.

"मला घेत्यात का आत?"

"या की," बाईंनी त्याला हाताला धरून नाचात ओढलं. "पण पाय जपून टाका. उद्या तुम्हाला शिडीवर चढायचंय. शाळेचं छप्पर गळतंय, नि ती आता कुठं जात न्हाई."