फॉर्म सी आणि मेजरकाकांचं कुटुंब

आत्याच्या घरी कागद फेकत नाहीत. प्रिंटरमधून वाकडा आलेला, शाई संपल्यामुळे अर्धवट छापलेला, चुकीच्या नावाचा, असा प्रत्येक कागद एका पत्र्याच्या डब्यात जातो आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवते. यंदा गणितांपेक्षा दुसरंच काही जास्त लिहिलं गेलं. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे ऐकलेलं सगळं शिल्लक राहतं आणि कुठेतरी उतरवावं लागतं. परवा डबा भरला म्हणून उपसला, तर निम्मे कागद फॉर्म सीचे निघाले आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीमागे मेजरकाका होते.

माझं घर खोडाळ्याला. शाळेसाठी मी जव्हारला आत्याकडे राहते. आत्याने घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. त्याला ती 'होमस्टे' म्हणते. स्वयंपाकाला दाभोसा गावची भिकीमावशी असते.

मेजर जुमा टांझानियाच्या सैन्यातले. नाशिककडे एका लष्करी कोर्सला वर्षभरासाठी आले होते. बरोबर बायको नीमाताई आणि आठ वर्षांची मुलगी आशा. दाभोशाचा धबधबा बघायला एकदा आले आणि मग महिन्यातून एक-दोनदा येतच राहिले. ते इंग्रजी बोलायचे, आत्या आणि भिकीमावशी मराठी. मधे मी. एवढं मी आयुष्यात बोलले नव्हते.

*

परदेशी माणूस मुक्कामाला आला, की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. तोच फॉर्म सी. आत्याने नोंदणी करून ठेवली होती, पण परदेशी पाहुणा कधी आलाच नव्हता. पहिल्या दिवशी चहा पिताना मेजरकाकांनीच जरा संकोचून आठवण करून दिली.

नेट फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ येतं. मी लॅपटॉप घेऊन टाकीला टेकून बसले, मेजरकाका ऊन लागू नये म्हणून माझ्यावर छत्री धरून उभे राहिले, आणि आत्या माझ्या खांद्यावरून वाचू लागली. पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, कुठून आले, पुढे कुठे जाणार.

"हे कुणाकडचे, ते कुठे लिहायचं?" आत्याने विचारलं.

"तसं विचारलेलंच नाही."

"मग कळणार कसं कोण ते?"

तिने मला थांबवलं आणि मेजरकाकांची चौकशी सुरू केली. आई-वडील आहेत का, भावंडं किती, शेती आहे का, शेतात काय पिकतं. मेजरकाकांना पिकाचं नाव सांगता येईना, म्हणून त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. नागली, म्हणजे नाचणी! त्यांच्या आईच्या शेतातली, आमच्यासारखीच, बोटं मिटलेल्या मुठीसारख्या कणसांची.

आत्याने फोटो दोनदा पाहिला. "आता झाला फॉर्म," ती म्हणाली. "पाठव."

*

मेजरकाकांचा व्हिसा कोर्सपुरता. नीमाताईंचा आणि आशाचा व्हिसा मेजरकाकांच्या व्हिसावर अवलंबून. त्यांचा संपला की या दोघींचाही संपणार. नीमाताई हे चुलीजवळ बसून सांगत होत्या आणि मी मराठीत करत होते.

"म्हंजे रेशनकार्डावानी," भिकीमावशी भाकरी थापता थापता म्हणाली. मग तिचा हात थांबला. "आन् तो नापास झाला तं?"

मी विचारलं. दाराशी बसलेले मेजरकाका हसले आणि म्हणाले, तर लवकर घरी पाठवतील बहुतेक. सोमवारी पेपर आहेच.

भिकीमावशी हसली नाही. "सोमवारी पेपर हाय आन् हा धबधबा बघाया आला? धबधबा कुठं जात नांय."

दुसऱ्या दिवशी दाभोशाला आम्ही चौघीच गेलो, आत्या, नीमाताई, आशा आणि मी. परत आलो तेव्हा मेजरकाका मागच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते आणि भिकीमावशी दारात आडवी बसून तांदूळ निवडत होती.

"दोन येला उठला," तिने नीमाताईंना अहवाल दिला. "येकदा पानी प्यायला. येकदा उगाच."

*

जास्त दिवस राहणाऱ्या परदेशी माणसाला नोंदणीच्या कागदांसाठी फोटो लागतात. एसटी स्टँडजवळ दिनूदादाचा फोटो स्टुडिओ आहे. दिनूदादा गिऱ्हाइकाचा नुसता चेहरा काढतो, खालचा कोट कॉम्प्युटरमधून घालतो. निळा कोट, लाल टाय. जव्हारमधल्या कितीतरी ओळखपत्रांवर तोच कोट आहे. माझ्या बाबांच्याही आहे, आणि बाबांनी आयुष्यात कोट घातलेला नाही.

मेजरकाका लष्करातले हे कळल्यावर दिनूदादाला निळा कोट कमी वाटला असावा. तासाभराने त्याने आठ प्रिंट समोर ठेवल्या. मेजरकाकांच्या अंगावर आपल्या भारतीय सैन्याचा कडक इस्त्रीचा गणवेश होता, आणि छातीवर पदकांच्या दोन रांगा.

मेजरकाका बराच वेळ बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "याला सांग, फोटो फार छान आहे. पण हा दुसऱ्या देशाचा गणवेश आहे. तो घालून मी व्हिसाच्या कचेरीत गेलो, तर मला तिथेच ठेवून घेतील."

मी सांगितलं. दिनूदादाने फोटो स्क्रीनवर मोठा केला, डोकं खाजवलं.

"पदकं कमी करू का?"

*

सरकारचे नियम वेबसाइटवर असतात. आत्याचा एक नियम कुठेच लिहिलेला नाही. "आमच्याकडून कुणी रिकाम्या हाताने जात नाही," असं ती म्हणते आणि निघणाऱ्या माणसाच्या हातात दोन किलो नागलीचं पीठ देते. कधी खुरासणीची चटणी, कधी भोपळा. मीटर वाचायला आलेला माणूससुद्धा काकडी घेऊन जातो.

आशाला आमच्याकडचा तांबडा कोंबडा आवडला होता. एका रविवारी निघताना आत्याने तो पाय बांधून तिच्या मांडीवरच ठेवला. मेजरकाकांनी गाडीचं दार लावून घेतलं. सैन्यातला माणूस असूनही ते आत्यापुढे काही बोलत नसत.

पुढच्या शनिवारी गाडीतून आधी कोंबडा उतरला. झालं असं होतं की, त्यांच्या लष्करी वसाहतीच्या गेटवर पहाऱ्यावरच्या जवानाने यादी तपासली. मेजर, पत्नी, मुलगी. मग त्याने आत वाकून पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "सर, यांचं नाव यादीत नाही." आठवडाभर कोंबडा गेटसमोरच्या चहावाल्याकडे राहिला.

आत्याचा चेहरा पडला. दिलेली वस्तू परत आली, हे तिच्या घरात कधी घडलं नव्हतं.

"मॅडम, मी खूप प्रयत्न केला," मेजरकाका म्हणाले. "पण नियमात कुटुंब म्हणजे बायको आणि मुलं."

कोंबडा आपल्या जागी जाऊन आरवला. आत्या मला म्हणाली, "बघ, याचा पण फॉर्म भरावा लागतो का."

*

नीमाताईंना दिवस गेले होते. बाळ मायदेशी गेल्यावर व्हायचं होतं, तसा सगळा हिशोब केलेला होता. पण मुक्कामाला आलेल्या असतानाच, एका शनिवारी सकाळी, मी पोहे परतत असताना त्यांनी माझा हात धरला. महिनाभराहून जास्त लवकर! शेजारची जीप काढली आणि आम्ही सगळे दवाखान्यात.

तिथल्या सिस्टरनी केसपेपर काढला. पत्ता विचारल्यावर मेजरकाका इंग्रजीतून लांबलचक काहीतरी सांगू लागले. भिकीमावशीने त्यांना बाजूला सारलं.

"बाई, बालंतीण माहेराला आलेली हाय. माहेराचा पत्ता लिवा." आणि आत्याच्या घराचा पत्ता सांगितला.

सिस्टरनी लिहिला. "सोबत कोण?"

"आई," आत्या म्हणाली.

सिस्टरनी नीमाताईंकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, पुन्हा नीमाताईंकडे पाहिलं, आणि लिहिलं.

"रक्तगट?"

मुलगा झाला. लहानसा होता, पण आवाज मेजरचा.

*

हसायला येणार नाही असा एकच कागद डब्यात होता, आणि तो याच दिवसांतला.

कोर्स संपायला महिना उरला होता. तिकिटं काढलेली होती. ठरलेल्या दिवशी मेजरकाकांना जावंच लागणार होतं आणि त्यांच्याबरोबर नीमाताईंचा व्हिसाही संपणार होता. बाळाकडे मात्र पासपोर्ट नव्हता आणि व्हिसाही नव्हता. भारतात जन्मलेल्या परदेशी बाळालाही देशाबाहेर जायला परवानगी लागते. ती वेळेत आली नाही, तर मेजरकाका आणि आशा पुढे जाणार, नीमाताई व्हिसाची मुदत वाढवून बाळासह मागे राहणार. किती दिवस, ते कुणालाच सांगता येईना. नीमाताईंनी खोलीत दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. एकीत जाणाऱ्या दोघांचे कपडे होते, दुसरीत राहणाऱ्या दोघांचे.

मेजरकाका बाळासाठी पासपोर्टऐवजी चालणारा प्रवासाचा कागद आणायला दिल्लीला त्यांच्या वकिलातीत गेले. इकडे बाळ दवाखान्यातून घरी आलं आणि आत्याने मला गच्चीवर पाठवलं. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला होता, चोवीस तासांत फॉर्म सी भरायला हवा.

भारतात कुठून आलात? कोणत्या तारखेला? हे रकाने रिकामे सोडले की फॉर्म पुढेच सरकेना. मी खाली येऊन विचारलं.

"जीप लिव," भिकीमावशी म्हणाली. "जीपनीच आलाय."

शेवटी हेल्पलाइनला फोन करायचं ठरलं. मी फोनवर अनोळखी माणसाशी बोलत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत नंबर समोर घेऊन बसले. मग काय बोलायचं ते एका रद्दी कागदाच्या मागे लिहून काढलं आणि तसंच्या तसं वाचून दाखवलं.

पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. "मॅडम," तो म्हणाला, "बाळ कुठून आलं, हा प्रश्न इथे मला पहिल्यांदाच विचारलाय कुणी."

व्हिसा नंबर नाही म्हणून बाळाचा फॉर्म सी काही गेला नाही. हेल्पलाइनवाल्याने सांगितलं तसं मी जन्मदाखला आणि दिल्लीहून आलेला कागद जोडून परवानगीचा अर्ज केला, सोबत सगळी हकिगत लिहिलेलं पत्र.

दिवस जात राहिले. उत्तर येईना. आत्याने बारसं करून टाकलं. नाव बाराका. भिकीमावशी त्याला बारक्याच म्हणते.

*

निघायला चार दिवस राहिले होते. दुपारी आत्या बाजारात गेलेली, भिकीमावशी दाभोशाला. मेजरकाका कोर्सच्या शेवटच्या कार्यक्रमाला. घरात नीमाताई बाळाला पाजत होत्या आणि फडताळावर आत्याचा फोन वाजायला लागला.

तो तीनदा वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. नीमाताई माझ्याकडे बघत होत्या. मी उचलला.

"होमस्टे का?" जाड, दमलेला आवाज. परवानगीच्या कचेरीतले साहेब होते. "अर्ज आहे माझ्यासमोर. तुमच्या फॉर्म सीप्रमाणे तुमच्याकडे तीन माणसं आली. मेजर, पत्नी, मुलगी. बरोबर?"

"हो."

"आणि आता परत जायला माणसं आहेत चार."

"हो."

"तीन आली आणि चार जाणार. हे कसं काय?"

दाखला जोडलाय, पत्र जोडलंय, सगळं त्यात लिहिलंय, असं मला सांगायचं होतं. ते वाक्य मी मनात तयारही केलं होतं. नीमाताईंनी बाळाला छातीशी धरलं होतं आणि त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आत्याच बोलली.

"साहेब, आमच्याकडून कुणी रिकाम्या हाताने जात नाही."

पंख्याचा आवाज येत होता, त्यांच्याकडचा की आमच्याकडचा कळेना. मग कीबोर्डची टकटक ऐकू आली. बराच वेळ.

"लिहिलं," साहेब म्हणाले. "परवानगी उद्या येईल, प्रिंट काढून ठेवा. आणखी काही देणार आहात का त्यांच्याबरोबर? आत्ताच सांगा, पुन्हा फोन करायला लावू नका."

"नागलीचं पीठ, साहेब," मी म्हणाले. "दोन किलो."