बैठक उतरवून घेतलेली गाडी

अमरावतीच्या एका वकिलाने मला फसवलं. बिनटपाची, दोन माणसांची हलकी मोटार त्याने मला विकली आणि तिची बैठक घरात काढून ठेवली. गावात ही गोष्ट उलटी सांगतात. मळ्यातल्या माणसाला साहेबी गाडीत बसता आलं नाही, असं म्हणून हसतात. म्हणून जे घडलं ते मीच लिहून ठेवतो.

मी मळेवाला. लहानपणी भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बडनेऱ्याला आगगाडीवर पोचवत होतो. पुढे तिवस्याकडे संत्र्याची बाग केली, लॉरी घेतली, ती चालवायला शिकलो. पण त्या टोपल्यांनी माझ्याजवळ एक गोष्ट कायमची ठेवली, ती म्हणजे कमरेचं दुखणं. चाळिशीला आलो तेव्हा लॉरीत अर्धा तास बसलो की कमरेपासून उजव्या टाचेपर्यंत तार ओढल्यासारखी कळ यायची. बैलगाडीत तर बसवतच नव्हतं. डॉक्टर म्हणाला, घरी बसा. घरी बसलो असतो तर अकोल्याच्या अडत्यांनी दोन हंगामांत माझी बाग गिळली असती. मी समोर उभा नसलो की माझ्या मालाला डाग दिसू लागतात, हे मी पाहिलेलं होतं.

ती मोटार आधी एका इंग्रज अधिकाऱ्याची होती. त्याची नागपूरला बदली झाली तेव्हा वकिलाने ती घेतली. आता वकिलाला मोठी, बंद मोटार घ्यायची होती. मी गेलो तो संशय बरोबर घेऊनच. माझ्या लॉरीचा मिस्त्री सोबत होता. त्याच्याकडून इंजिन उघडवलं. टायरच्या भेगांतून बोट फिरवलं. तेल गळतं का ते पाहायला स्वतः गाडीखाली आडवा झालो. वकील ओट्यावर सुपारी कातरत होता. म्हणाला, "शेठ, घोडी घेताना लोक दात बघतात. तुम्ही आतडी बघायला निघालात."

मग मी आत बसलो.

अशा गाडीत बसायचं म्हणजे लॉरीसारखं खुर्चीवर बसणं नाही. बूड जवळजवळ जमिनीला लागतं आणि पाय सरळ पुढे जातात. शेतात दुपारी भाकर खाताना बांधाला टेकून आपण पाय पसरतो, तसं. दार कोपरापाशी खाली कापलेलं, त्यामुळे हात मोकळा बाहेर राहतो. चाक छातीजवळ. बैठकीवर खाकी कापडाची खोळ होती आणि पाठीच्या खोलगट जागी काहीतरी इतकं नेमकं भरलेलं होतं, जसं कुणीतरी मागून तळहात लावून धरावं. मी उंचीला कमी. लॉरीच्या क्लचपर्यंत पोचायला मला पुढे सरकून बैठकीच्या कडेला बसावं लागे. इथे पाय आपोआप जागेवर पडले. चपला अडकत होत्या म्हणून काढून ठेवल्या, तेवढंच.

बडनेऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. कळ आली नाही. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने, खड्ड्यांतून गाडी घातली. तरी आली नाही. कित्येक वर्षांत मी असा बसलो नव्हतो.

खोळीवरून मी पाठीमागची भर दाबून पाहिली. बोटांना लगेच कळलं, सावरीचा कापूस. सरकीचा कापूस दाबला की दबलेला राहतो, सावर परत वर येते. मेळघाटाकडून येणारी सावर आमच्याकडे उशांत भरतात. मला वाटलं, साहेब लोकही हीच वापरतात. सगळ्या गाडीवर संशय घेणारा मी, नेमका तिथे घेतला नाही.

आणि दुसरी गोष्ट. आवडलेल्या मालाला आधी नावं ठेवायची, हा माझा धंद्यातला पहिला धडा. इंजिन चांगलं आहे हे मिस्त्रीच्या तोंडावर दिसतच होतं. म्हणून मी कंबर धरून उतरलो आणि म्हणालो, "गाडी ठीक हाये साहेब, पण बैठक काही कामाची नाही. माणूस अवघडून जाते." वकिलाने मान हलवली. भाव सांगायच्या वेळी मी हट्ट धरला की सौदा बाजाराच्या रिवाजाने करू, रुमालाखाली. त्याने हसत आपलं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं, मी त्याची बोटं दाबली, त्याने माझी. भाव ठरला तेव्हा दोघेही खूश होतो. दारात वकिलाची बायको उभी होती. आमच्याकडे नाही, गाडीकडे बघत होती.

चार दिवसांनी मिस्त्री गाडी घेऊन आला. खोळ नव्हती, खालचं तांबडं चामडं उघडं होतं. वकिलाची चिंधीगिरी, असं म्हणून मी ती गोष्ट सोडून दिली आणि सकाळी अकोल्याला निघालो.

बडनेरा येईपर्यंतच कळलं की काहीतरी बदललं आहे. पाय पोचत नव्हते. बैठक पुढे ओढायला गेलो तर ती आधीच पुढे होती. ब्रेक दाबायचा तर पाठ सुटायची, पाठ टेकायची तर ब्रेक सुटायचा. मूर्तिजापूरच्या पुढे एक बैलगाडी आडवी आली तेव्हा मी चाकाला धरून खाली घसरलो, तेव्हा कुठे ब्रेक लागला. बैलाचं शिंग माझ्या कानाजवळून गेलं. तोवर उजवा पाय बधिर झाला होता. अकोल्याच्या बाजारात पोचलो तर उतरता येईना. दोन हमालांनी काखेत हात घालून मला बाहेर काढलं आणि आडतीच्या गादीवर नेऊन टेकवलं. ज्या अडत्यांसमोर ताठ उभं राहायला गाडी घेतली होती, ते सगळे बघत होते. एक म्हणाला, "माल नाजूक दिसते, जपून ठेवा रे." त्या दिवशी माझी संत्री त्यांनी सांगितलेल्या भावात गेली.

मिस्त्रीने स्प्रिंगा बदलून विकल्या, हा माझा पहिला संशय. परत आल्यावर मी त्याला त्याच्या बायकामुलांसमोर नाही नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "मालक, मले जशी दिली तशी आणली." मग साळ्यावर, बायकोच्या भावावर, संशय आला, कारण मी घरी बसलो तर अकोल्याचा व्यवहार त्याच्या हाती जाणार होता. आदल्या रात्री गाडी त्याच्या वाड्यात लावली होती ना. त्याच्याशीही भांडलो.

खरं काय ते एका म्हाताऱ्या जीनगराने सांगितलं. त्याचा जन्म खोगिरं शिवण्यात गेला होता. उन्हाने तापलेल्या चामड्यावर त्याने ओलं पोतं टाकलं, आत वाकला आणि बैठकीच्या शिवणी चाचपत गेला. मग क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवर बोट ठेवलं. त्यांवर दोन्हीकडे आवळल्याचे ताजे ओरखडे होते. "इथं लाकडी ठोकळे बांधले होते. पाय पुरावा म्हणून." पाठीच्या कडेला कापडी नाडीचा एक तुटका तुकडा चामड्यात अडकला होता. त्याने तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. "अन इथं उशी होती. हा टाका पाहा, बारीक. आमचा नोहे हा. गोधडीचा टाका हाये, घरच्या बाईचा. घोडं तुमीच घेतलं, खोगीर कोणाचं ते इचारलं काहून नाही?"

मी त्याच दिवशी वकिलाकडे गेलो. ओट्यावर दोन पक्षकार बसले होते, त्यांच्यासमोरच मोठ्याने विचारलं की बैठक कुठे आहे. वकील जराही दचकला नाही.

"सौदा कोणत्या रिवाजाने झाला शेठ?"

"बाजाराच्या."

"मग बाजारात भाजी घेतली की टोपली कोणाची? विकणाऱ्याची. माल तुमचा, टोपली आमची. आणि बैठक कामाची नाही, हे तर तुम्हीच याच ओट्यावर म्हणालात."

पक्षकार हसले. मी त्याच्या अंगावर जाणार होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला, "टोपली तुमची कधी होती?" वकिलाची बायको बाहेर आली होती. ती त्याच्याशी बोलत होती.

मग ती माझ्याकडे वळली. ती गाडी तीच चालवत होती. साहेबाच्या बायकोकडून शिकली होती. दर सकाळी बडनेऱ्याच्या रस्त्याला जाऊन परत यायची. उशी तिने शिवली होती, ठोकळे सुताराकडून आपल्या पायाच्या मापाने करून घेतले होते. गाडी विकल्याचं तिला माझा मिस्त्री न्यायला आला तेव्हा कळलं. मिस्त्री ओट्यावर पाणी पीत होता तेवढ्या वेळात तिने आपलं काय ते सोडवून घेतलं.

"तुम्ही फेरी मारून आलात, तेव्हा मला वाटलं कुणी नुसतं गाडी बघायला आलंय. उपरण्याखाली काय ठरलं ते मला कुठे दिसणार," ती म्हणाली. "भाऊ, तुम्ही उंचीला माझ्याएवढेच."

मी राग गिळला आणि विचारलं, उशीचं काय घ्याल. सवयच ती. ती आत गेली आणि ठोकळे घेऊन आली. सागवानी, चामडी पट्ट्यांचे, तळव्याच्या जागी गुळगुळीत झालेले.

"हे न्या. गाडीशिवाय मला यांचा उपयोग नाही. उशी देणार नाही."

"बाई, माही कंबर धरते. त्या उशीनं मले बरं वाटलं होतं."

"माझीही धरते," ती म्हणाली. "गाडी गेली तरी पाठ आहेच की."

यावर घासाघीस करता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच मी आपणहून, समोरच्याने सांगितलं तेवढ्यावर उठलो. मागून वकील म्हणाला, "चला, अर्धी टोपली तर मिळाली."

ठोकळे बांधले, पाय पुरले. जीनगराकडून तीन उशा करून घेतल्या, तशीच सावर आणून. एक उंच झाली, एक खाली झाली, तिसरी तासभर चालते. त्यापुढे गाडी थांबवून मला बांधावर आडवं व्हावं लागतं. मिस्त्रीकडे मी संत्र्याची टोपली पाठवली. त्याने संत्री ठेवून घेतली आणि रिवाजाप्रमाणे रिकामी टोपली परत पाठवली, त्यावरून समजलो की राग गेला. साळा अजून बोलत नाही.

वकिलाची बंद मोटार मी पुष्कळदा रस्त्यात पाहिली. ड्रायव्हर चालवतो, वकील त्याच्या शेजारी आणि ती मागे. एकदा बडनेऱ्याच्या रस्त्यावर आमच्या गाड्या समोरासमोर आल्या. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझी पाठ कुठे टेकली आहे ते पाहिलं.

तेव्हापासून माझा हिशेब एवढाच आहे. ती उशी तिची होती, मी तिच्यावर डाव धरत नाही. मी बैठकीला नावं ठेवली, ती चूक माझी, मान्य. पण वकीलसाहेब, उपरण्याखाली माझ्या हातात हात देऊन तुम्ही जे विकलंत, त्यावर बसत कोण होतं हे तुम्हाला ठाऊक होतं. मी फेरी मारून आलो तेव्हा मला बरं का वाटलं, हेही तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही तिला विचारलं नाही आणि मला सांगितलं नाही. एका सौद्यात दोन माणसांच्या पाठी मोडल्यात. कोणाच्या अधिकाराने, ते सांगा. पक्षकारांसमोर सांगा, त्याच ओट्यावर, आणि ती दारात उभी असताना सांगा. मी ऐकायला येतो. वाटेत एकदा आडवं व्हावं लागेल, पण येतो.