मांदेली, तीस ग्रॅम

“अंदाजे म्हणजे किती?”

हा प्रश्न आला की आमच्या लॅबमध्ये भल्याभल्यांचे हात थांबायचे. विचारणारे काका आवाज चढवायचे नाहीत. चष्म्याच्या वरून बघायचे आणि उत्तराची वाट पाहायचे. प्लांटमधला ऑपरेटर “साहब, अंदाज़े से सौ एमएल लाया” म्हणत बाटली पुढे करायचा आणि बाटलीसकट परत जायचा. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. नसेल, तर तुमचे हिशेब कुठेतरी चुकत असणार.

तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. काका जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचे. घरचे सगळे बोटीवर आणि हा एकटाच पालघरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकून लॅबमध्ये आलेला. “भाऊ मासे मोजत नाय, टोपल्या मोजतात,” असं ते जरा दुःखानेच सांगायचे.

त्यांचा डबा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, काकांचं डोकं फिरलंय. चार तळलेल्या मांदेल्या, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, वाटीभर कोबी आणि त्यावर लोण्याचा गोळा. ना भात, ना भाकरी. नवापूरचा माणूस भाताशिवाय जेवतो हे ऐकून कॅन्टीनचा महाराज दोन दिवस चिंतेत होता.

हे पथ्य त्यांचं नव्हतं, मुलीचं होतं. आठ वर्षांची पोर. तिला फिट यायच्या आणि औषधांना दाद देत नव्हत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी कीटो आहार सुचवला. भात, भाकरी, साखर बंद, तेल-लोणी भरपूर आणि मासेसुद्धा मोजून. काही मुलांच्या फिट याने थांबतात, म्हणाले. दोन वर्षं पाळा, थांबल्या तर हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणू. घासागणिक नोंद ठेवायला तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं.

“मग तुम्ही का भात सोडलात?” मी विचारलं.

“ती एकटी कशी खाणार असलं?” काका म्हणाले आणि मांदेलीचा काटा काढत बसले.

डिस्पॅचच्या क्लार्कला मात्र हे बारीक व्हायचं औषध वाटलं. त्याने लोणी सुरू केलं आणि भात काही सोडला नाही. दोन महिन्यांत त्याला नवा युनिफॉर्म शिवावा लागला.

त्या अ‍ॅपशी काकांचं कायम वाजायचं. त्यात परदेशातली सतरा प्रकारची चीजं होती, पण करंदी नव्हती, शिंगाळा नव्हता. मांदेली एकदा सापडली, कुणी अनोळखी माणसाने भरलेली. आकडे पाहून काकांचा चेहरा पडला. “यावर सही कोणाची हाय?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, अ‍ॅपमध्ये सही नसते. “मग हा रिपोर्ट नाय, गप्पा हायत.” बाईंकडून आकडे तपासून घेऊन त्यांनी एकेक मासा स्वतः भरला. नावंही अशी: ‘मांदेली, नवापूर, काटा काढून’.

घरचा वजनकाटा ते दर सोमवारी टॉवेलात गुंडाळून कंपनीत आणायचे, लॅबच्या प्रमाणित वजनांशी ताडून पाहायचे आणि त्यावर तारीख घालून चिठ्ठी चिकटवायचे. आख्ख्या नवापुरात तपासणीची चिठ्ठी असलेला तो एकमेव स्वयंपाकघरातला काटा असावा.

आता यात माझा संबंध कुठे आला ते सांगतो. पटकन पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटचं काम, त्यामुळे मोबाइल गेटवर जमा. म्हणून साडेअकराला वहिनींचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, फोन लॅबच्या टेबलावरच्या फोनवर यायचा आणि तो फोन माझ्या टेबलावर होता. “भाऊ, लिवून घ्या. मांदेली तीस. कोबी चाळीस. तेल पंधरा.” मी चिठ्ठीवर उतरवायचो. काका ती घेऊन गेटवर जायचे, सिक्युरिटीच्या केबिनबाहेर उन्हात उभे राहून अ‍ॅपमध्ये भरायचे, प्रमाण जुळलं की तिथूनच घरी कळवायचे, “दे.” मग पोर जेवायची.

गेटवर एक मोठा फलक होता, किती दिवस अपघात नाही ते दाखवणारा. काकांनी तसाच एक आकडा आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर चालवला होता. रोज सकाळी जुना खोडून नवा लिहायचे. कंपनीचा आकडा पुढे की काकांचा, हे मी मनातल्या मनात बघत असे. पाच महिने काकांचा पुढे होता.

मग मी घोळ घातला. वारा सुटला होता, बोटी गेल्या नव्हत्या. वहिनी फोनवर म्हणाल्या, “ओला बोंबील मिलाला नाय भाऊ, सुका हाय, चालीस घेते.” मी सांगलीकडचा. आमच्याकडे मासा म्हणजे मासा, त्याला ओलं-सुकं कुठून असणार? मी लिहिलं, ‘बोंबील ४०’. काकांनी ओला समजून भरला आणि “दे” म्हणाले. तीन दिवस हेच चाललं. सुक्यातलं पाणी गेलेलं असतं, तो वजनाला तेवढाच घेतला तर मासा कितीतरी पट जातो आणि प्रमाण बिघडतं, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल; ते मला, एमएस्सी झालेल्याला, सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोरीला शाळेत फिट आली.

दुसऱ्या दिवशी काका कामावर आले. वही उघडली, आकडा खोडला, शून्य लिहिलं. मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. मला ओरडा हवा होता, खरं तर एक थोबाडीत हवी होती. काका म्हणाले, “नमुन्याचं वर्णन अपुरं होतं. मी फिरून विचारायला पायजे होतं. सही माझी हाय.”

मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. बोटी पुन्हा जाऊ लागल्या तेव्हा एका सकाळी माझ्या टेबलावर छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. नाव, वजन, आणि मध्ये नवा रकाना: ओलं की सुकं. शेजारी दोन पिशव्या, दोन्हीत बोंबील. “ओळखा,” काका म्हणाले. तो वास तीन दिवस लॅबमध्ये होता. ऑडिटर आले होते, तेही लवकर गेले.

वहीतला आकडा शून्यावरून पुन्हा चढू लागला. शंभर झाला, तीनशे झाला. पुढे प्लांटमधल्या एका किरकोळ अपघातानंतर कंपनीच्या फलकालाही त्याने मागे टाकलं, पण मी ते मोठ्याने बोललो नाही. दोन वर्षं झाली तशी डॉक्टरांनी भात सुरू केला. पोरीला दहा ग्रॅम, काकांनाही दहा ग्रॅम. मग वीस, मग तीस. काकांच्या डब्यात चमचाभर भात एका कोपऱ्यात पाहुण्यासारखा बसलेला असे. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता मोजू नका. काका म्हणाले, आणखी आठ दिवस मोजू. ते आठ दिवस दोन महिने चालले.

त्यानंतरच्या एका मंगळवारी साडेअकराला फोन आला.

“भाऊ, लिवून घ्या. भात.”

“किती?”

“मोजला नाय. वाढला, तिनं खाल्ला. अजून मांगला, अजून वाढला. काटा मी वर फलीवर ठेवलाय. तेवढं सांगा त्यांना.”

मी चिठ्ठी लिहिली. वजनाचा रकाना रिकामाच ठेवला. काकांनी ती वाचली, उलटून पाठची बाजू पाहिली आणि घडी करून खिशात ठेवली. डबा न उघडता ते सरळ कॅन्टीनकडे निघाले. मी मागे मागे गेलो.

महाराजाने त्यांच्या हातात ताट बघून डाव उचलला. “साहब, चावल? कितना दूँ?”

“देते रहो. मैं बोलूँगा.”

एक डाव झाला, दोन झाले, चार झाले. काका ताट धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागे रांग लागली होती. काका काही बोलेनात. शेवटी महाराजाने वर पाहिलं आणि आपणहूनच डाव खाली ठेवला.