दोन मिलिमीटर वाढीव

"ह्यातलं खरं माप कुठलं, त्ये सांगा आधी!"

काका हे ओरडले तेव्हा त्यांची स्टीलची पट्टी चक्क मॉनिटरच्या काचेवर टेकवलेली! स्क्रीनवरचं चाक झूम केलं की मोठं, परत आणलं की बारीक. चाक तेच, पट्टी तीच, माप दरवेळी वेगळं. आम्ही पोरंपोरी हसून खुर्चीतून पडायच्या बेतात.

कोल्हापुरातला कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकवणारा क्लास, संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचो त्या काळातला. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. काका पंचेचाळिशीचे, उचगावहून लुनावर यायचे. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ते लाकडी पॅटर्न बनवायचे. म्हणजे वाळूत ज्याचा ठसा उमटवतात आणि मग त्या ठशात वितळलेलं बीड ओततात ना, तो लाकडाचा नमुना. पण मालकांनी सांगून टाकलेलं, "आता पॅटर्न मशीन कापणार, ड्रॉइंग कॉम्प्युटरवर. शिकलासा तर ऱ्हावा, न्हायतर दुसरीकडं बघा."

आम्हा सगळ्यांना एकच काम होतं: कारखान्यात माल ढकलायची चार चाकांची साधी ट्रॉली. एकेक भाग काढायचा आणि स्क्रीनवरच गाडी जोडायची. काकांना दम कुठला! उठले, बसले, माझ्या मागं येऊन "कुठलं बटण दाबलंस गं पोरी?", की परत जागेवर. माउस तर रंध्यासारखा दोन्ही हातांनी ढकलायचे. तुम्ही त्यांच्या शेजारी बसला असता तर तुमचाही पाय हलायला लागला असता, खरंच!

आणि जोडणीला गाडी अडली. चाकांचे ब्रॅकेट फ्रेमला लागेनात. भोकं जुळेनात, दोन मिलिमीटरचा फरक. काकांनी सगळं पुसून नव्यानं काढलं. पुन्हा दोन मिलिमीटर!

शेवटी सर येऊन एकेक आकडा बघायला लागले. फ्रेम बरोबर, बोल्ट बरोबर. बिडाचे म्हणून जे जे भाग होते, ते मात्र सगळे जरासे वाढीव.

"काका, कागदावर दोनशे आहे. तुम्ही दोनशे दोन का टाकलंय?"

"बीड गार झालं की आकसतंय न्हवं? वाढवून नको धरायला?"

"अहो, इथं कुठं काय ओतायचंय! तयार भागाचं माप टाका."

"टाकतो की."

टाकतो की म्हणायचे आणि दोनशे दोनच टाकायचे. उभ्या जन्माची सवय, बोटांतच बसलेली.

शनिवारी मालक बघायला येणार होते. आदल्या दिवशी काका माझ्या शेजारी येऊन बसले. आवाज पहिल्यांदाच बारीक. "पोरी, उद्या न्हाय जमलं तर ह्या वयात मला कोण घेणार गं? बोटं ऐकंनात माझी."

"मग मोठ्यानं बोला की काका! आकडा आधी बोला, मग दाबा."

दिवसभर तेच चाललं. "दोनशे. फकस्त दोनशे. गप बस!" हे शेवटचं स्वतःच्या बोटाला. मधेच चापटसुद्धा!

शनिवारी मालक मागं उभे. काका मोठ्यानं आकडे म्हणत होते, कपाळावर घाम. चौथा ब्रॅकेट सरकला, भोकांत भोकं आली, बोल्ट सरळ आत. काकांनी माउसनं चाक फिरवलं. फिरलं! आम्ही सगळ्यांनी टाळ्या.

मालक एवढंच म्हणाले, "बरं. सोमवारपासनं हापिसात बसा."

नंतर काका क्लासला आले नाहीत. काही महिन्यांनी प्रोजेक्टसाठी मी त्यांच्या फौंड्रीत गेले तर ते काचेच्या केबिनमध्ये, इस्त्रीचा शर्ट घालून. "ये की आत!" म्हणाले आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"बघ, नखात भुसा न्हाय. घरात पोरगी म्हणतीया, बाबा, सुट्टी काढलीया काय?"

ते हसले, मीही हसले. मग बोलता बोलता अंगठ्यानं तळहातावरचा घट्टा चोळत राहिले. तोही मऊ पडायला लागला होता.